स्मशानासाठी उभी राहिले

आमच्या डोंगरावरच्या गावात बघण्यासारखी सगळ्यात चांगली जागा कुठली, असं पर्यटकांना विचारलं तर ते सूर्यास्ताचा पॉइंट सांगतात. घोडेवाले आपल्याला फेरी मिळेल तो पॉइंट सांगतात. गावातली माणसं मात्र गप्प राहतात, कारण त्यांच्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे आमचं स्मशान. दरीच्या काठाला सपाट कातळ आहे, त्यावर पत्र्याची शेड आहे, आणि पुढे थेट खालच्या धरणापर्यंत सगळं मोकळं. हे सगळं मी ऐकलेलं सांगतेय. लग्न होऊन या गावात आल्याला माझी सगळी उमर गेली, पण मी तिथे कधी गेले नव्हते. आमच्याकडे बायका प्रेतामागे रस्त्याच्या वळणापर्यंत जातात आणि तिथून माघारी फिरतात. मुंबईत हल्ली मुलीसुद्धा अग्नी देतात. आमच्या गावात अजून ते आलेलं नाही.

मी गिरगावची, फणसवाडीतली. वडील एका कंपनीत हेडक्लार्क. वरच्या गावात आमच्या ह्यांची घरगुती जेवणाची खाणावळ, तीच आता आम्ही दोघं चालवतो. इतकी वर्षं पोळ्या लाटल्यावरही गावात मी ‘मुंबईची’ आणि माहेरी गेले की ‘डोंगरावरची’. पूर्वी याचा राग यायचा. निवडणुकीत मात्र याचाच उपयोग झाला, म्हणजे निदान मला तसं वाटलं होतं.

झालं असं की नगरपरिषदेने ठराव केला. स्मशानाच्या जागेवर दरी बघायला काचेची गॅलरी करायची, आणि गावात कुणी गेलं तर त्याला शववाहिनीने घाट उतरवून पायथ्याच्या स्मशानात न्यायचं. गावठाणातले पुरुष चिडले. खाणावळीत बसून त्यांनी सभा घेतली, माझ्याच हातचा चहा पिऊन. आमच्या वॉर्डातून कुणीतरी उभं राहायलाच हवं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या वेळी वॉर्ड महिलांसाठी राखीव आहे. सगळ्यांच्या माना वळल्या त्या माझ्याकडे. जिथे बाईला पाय ठेवायची सोय नाही, त्या जागेसाठी उभी राहायला बाई पाहिजे होती! मला हसू आलं. पण मी हो म्हटलं, आणि ते त्या पुरुषांसाठी नाही. मी हो म्हटलं ते वन्संसाठी.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लालबागला चाळीत मुलाकडे राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे यजमान गिरणीत होते. एका मे महिन्यात सगळे सासुरवाडीला, म्हणजे आमच्याकडे वर आले असताना ते अचानक गेले. तेव्हा मी लग्न होऊन आले नव्हते. त्यांना वरतीच अग्नी दिला. तेव्हापासून वन्संचं एकच पालुपद, मला वरती न्या, ह्यांना दिलं तिथेच द्या. दर उन्हाळ्यात वर राहायला आल्या की एकदा तरी आमच्याकडून कबूल करून घ्यायच्या. ठरावाची बातमी कळली त्या दिवशी त्यांचा फोन आला. “मला टेम्पोत घालून खाली नेणार म्हणे. तू असं होऊ देणार का गं?” मी म्हटलं, नाही होऊ देणार. शब्द दिला तो असा, फोनवर, एका हाताने कुकर उतरवता उतरवता.

मला चिन्ह हवं होतं छत्री. ती दुसऱ्याने आधीच मागितली होती, म्हणून मला मिळाली खाट. स्मशान वाचवायला निघालेल्या उमेदवाराला खाट! गावातल्या टवाळांना दुसरं काय पाहिजे? “काकी, चार माणसं जमवा, उचलायला बरी पडतील,” असं येताजाता ऐकायला मिळायचं. मीही म्हणायचे, मतं जमवा आधी, उचलायचं मग बघू.

आता मतांचं सांगते. आमच्या वॉर्डातली बरीच मतं गावात राहतच नाहीत. नाव वर, बिऱ्हाड खाली. पर्यटनाचा मोसम तेवढा वर येऊन धंदा करायचा आणि बाकीचं वर्ष लालबाग, परळ, प्रभादेवीला नोकरी नाहीतर रिक्षा. मतदारयादीतलं नाव मात्र कुणी काढून मुंबईत नेत नाही. ते काढलं की गावातलं घरच गेल्यासारखं वाटतं त्यांना. त्यामुळे वरच्या निवडणुकीचा अर्धा प्रचार मुंबईत करावा लागतो. ह्यांनी खाणावळ सांभाळायची आणि मी लालबागला वन्संकडे मुक्काम ठोकून चाळी चढायच्या, असं ठरलं. चाळींचे जिने चढायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिलीच चूक मी परळला केली. मार्गशीर्षातला गुरुवार होता. दार उघडं, आत चौरंगावर घट मांडलेला, त्याला वेणी घातलेली, समोर फळं. घरातल्या सासूबाईंनी मला कौतुकाने बसवलं, हळदीकुंकू लावलं, हातात केळं आणि केशरी दूध दिलं. सून पाच-सहा महिन्यांची गरोदर, ती पाया पडली. सगळं छान चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, “कशासाठी उभ्या राहिलात?” आणि मी केशरी दुधाचा घोट गिळून म्हटलं, “स्मशानासाठी.”

सासूबाईंनी सुनेला आधी आत पाठवलं. मग घटाकडे बघून हात जोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अहो, आज लक्ष्मी बसलीय घरात. काही शुभ बोला की.” मी घाईघाईने पाण्याचं, गटाराचं, कचऱ्याच्या गाडीचं बोलायला लागले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. निघताना मी ‘येते हं’ म्हटलं, तर त्या नुसत्या दारापाशी उभ्या राहिल्या. ‘या’ म्हणाल्या नाहीत. मयताच्या घरून निघताना जसं कुणी कुणाला काही म्हणत नाही, तसं.

आमच्या लोकांचा फोनवर ग्रुप आहे. संध्याकाळपर्यंत परळपासून प्रभादेवीपर्यंत सगळ्यांना कळलं की ती स्मशानवाली बाई फिरतेय. दुसऱ्या दिवशी एका घरी दाराला आतून कडी लावल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. त्यांच्याकडे साखरपुडा होता म्हणे. मग मी शब्द बदलून बघितले. ‘वरची जागा’ म्हटलं, तर एकाला वाटलं मी प्लॉट विकायला आलेय. ‘आपली शेवटची सोय’ म्हटलं, तर एका काकांनी विम्याच्या एजंट का तुम्ही, असं विचारलं. ज्या गोष्टीसाठी मत मागायचं, तिचं नावच घेता येत नाही, असा प्रचार कसा करायचा? माझ्या विरोधातल्या बाईंना ही अडचण नव्हती. त्यांचं हॉटेल होतं, त्यांच्याकडे गॅलरीचं रंगीत चित्र होतं. काचेवर उभं राहून एक कुटुंब हसतंय, असं. ते कुणालाही, कुठल्याही वारी दाखवता येत होतं.

मी वन्संच्या घरी येऊन पंख्याखाली बसले आणि सरळ सांगितलं, “मला नाही जमत हे. उद्या मी वर जाते.” वन्सं आपल्या काठीची रबरी टोपी नीट बसवत होत्या. म्हणाल्या, “मी येते तुझ्याबरोबर.”

“तुम्ही? जिने चढवतील का तुम्हाला?”

“जिने काय, बसत बसत चढीन. पण बोलायचं मी. तू नुसता कागद द्यायचा.” मग माझ्याकडे बघून हसल्या. “तू सवाष्ण. तुझ्या तोंडून ते नाव निघालं की लोकांना अपशकुन होतो. मला कोण काय बोलणार? माझं कुंकू पुसलं तेव्हापासून मला कुणी शुभ समजतच नाही. मग मी काय वाटेल ते बोलू शकते ना?”

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं.

आणि वन्सं बोलल्या. बापरे, काय बोलल्या! दारात उभं राहायचं, धाप लागलेली असायची, घरातलं कुणीतरी लगबगीने खुर्ची द्यायचं. खुर्चीत बसलं की पहिलं वाक्य हेच, “मला वर आपल्या स्मशानात जाळायचं आहे. आमचे हे तिथेच गेले. आता तिथे काच बसवतायत. मला टेम्पोत घालून घाट उतरवणार, वळणावळणाने. मला गाडी लागते.” लोक आधी दचकायचे, मग हसायचे, मग म्हणायचे, अहो आजी, असं काय बोलता, शंभर वर्षं जगाल. त्यावर वन्सं म्हणायच्या, “जगते की. पण मत द्या.” समोरच्या घरातली म्हातारी माणसं हे ऐकून आतून बाहेर यायची आणि हळूच म्हणायची, आम्हालाही वरतीच जायचंय. त्यांनीही ते आपल्या मुलांना कधी सांगितलेलं नसायचं. मी खाटेचं चित्र असलेला कागद द्यायचे आणि उठायचे. परळच्या त्या सासूबाईंकडेसुद्धा वन्सं गेल्या, शुक्रवारी, घट उतरल्यावर. तिथे आम्हाला चहा मिळाला.

शेवटी राहिली खोताची वाडी. तिथे एक आंटी आहेत, ख्रिश्चन, वाडीतल्या जुन्या लाकडी घरात मुलगा-सुनेबरोबर राहतात. पण त्यांचं बस्तान वर. आमच्या गावात त्यांचा छोटा बंगला आहे, वर्षातला अर्धा काळ त्या तिथेच असतात आणि घरातल्या सगळ्यांची नावं आमच्या वॉर्डात. आंटींना आडपडदा ठेवून सांगायची गरजच नव्हती. वन्संचं पहिलं वाक्य ऐकून त्या म्हणाल्या, “करेक्ट आहे. आज तुमचं घेतील, उद्या आमचं सिमेट्री घेतील. तिथून पण व्ह्यू हाय. आमची सगळी वोटं तुला.” मग वाईनचा केक पुढे केला आणि सहज विचारलं, “तुझा मिस्टर कुठल्या बाजूला हाय? दरीच्या साइडला?”

वन्सं म्हणाल्या, “मला नाही माहीत.”

“माहीत नाही म्हणजे?”

“आमच्यात बायका जात नाहीत तिकडे.”

आंटींनी केकची सुरी खाली ठेवली. “मी तर माझ्या मिस्टरकडे वर गेली की दर संडेला जाते. फुलं ठेवते, गवत काढते, भांडण पण करते कधी कधी. तू एवढी वर्सं गेलीच नाय? जाऊन बघितलं पण नाय?” त्यांना खरंच नवल वाटलं होतं, दुसरं काही नव्हतं त्यात. वन्संनी केकचा तुकडा बशीत तसाच ठेवला. परतताना टॅक्सीत त्या डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, दमल्या.

मतदान रविवारी होतं. उमेदवाराने मतदारांसाठी गाडी करायची नाही असा नियम असल्यामुळे आमची माणसं एसटीने, शेअर जीपने, जमेल तशी आली. समोरच्यांच्या माणसांना घेऊन एक चकचकीत बस आली. ती कुणाची, हे कुणालाच माहीत नव्हतं. आंटी आपल्या सगळ्या घराला घेऊन आल्या. परळच्या सासूबाई आल्या, गरोदर सुनेला मात्र घाट नको म्हणून घरी ठेवून. त्यातले निम्मे लोक मत देऊन लगेच बाजारात चिक्की घ्यायला पळाले, आणि काहींनी तर आधी पॉइंट केले, मग मतदान. आमचेच लोक, आमच्याच गावात, पर्यटक! मला हसावं का रडावं कळेना.

वन्संचं नावही आमच्याच घराच्या पत्त्यावर यादीत होतं; त्यांना मुलाने हाताला धरून केंद्रात नेलं. बोटाला शाई लावून त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “झालं मत. आता दाखव.”

“काय दाखवू?”

“ती जागा. जिच्यासाठी घरोघर फिरवलंस मला.”

मी त्यांच्या मुलाकडे बघितलं. तो, माझा भाचा, पन्नाशीचा माणूस, गडबडला. “आई, बायका नाही जात तिकडे.” वन्सं म्हणाल्या, “मेल्यावर नेणार होतास ना? मग चालत नेलंस तर काय बिघडतं?” आणि काठी टेकत निघाल्यासुद्धा. मतदानाच्या दिवशी मी केंद्रापाशी थांबायला हवं होतं. मी नाही थांबले. मीही त्यांच्यामागे गेले.

वळणापर्यंतचा रस्ता पायाखालचा होता. त्यापुढे पाऊल टाकताना मी एकदा मागे वळून बघितलं, हे कबूल करते. वाटेत दोघं-तिघं पुरुष भेटले, ते माझेच मतदार. त्यांनी बघितलं आणि मान खाली घालून बाजूला झाले. आणि मग एकदम पुढे काही उरलंच नाही. नुसती दरी. उन्हात धरणाचं पाणी चमकत होतं आणि वारा इतका की माझा पदर डोक्यावर ठरेना. शेडच्या मागे एक नवपरिणीत जोडपं फोटो काढून घेत होतं. शेड कसली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वन्संनी मुलाला विचारलं, “कुठे?” त्याच्या हातात तेव्हा मडकं दिलं होतं, तो शाळेत होता. त्याने जरा आठवून बघितलं, मग शेडच्या दरीकडच्या कोपऱ्यावर बोट दाखवलं. “तेव्हा शेड नव्हती. इथे. डोकं या बाजूला होतं.” वन्सं तिथल्या कातळावर बसल्या. पाय पसरून, चप्पल काढून, आपल्या घरात बसावं तशा. रडल्या नाहीत. हात टेकून दगड चाचपला आणि मग कितीतरी वेळ दरीकडे बघत राहिल्या. भाचा एकदा म्हणाला, “आई, जाऊ या?” त्यांनी काठी बाजूला आडवी ठेवली. मला आत काहीतरी तुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याच वेळी केंद्रावर आपला पोलिंग एजंट काय करत असेल ही काळजीही चालूच होती.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली आणि मी पडले. फार वाईट पडले नाही, पण पडले. हॉटेलवाल्या बाईंनी पेढा आणून दिला, मी तो खाल्ला. ह्यांनी दुपारचा सगळा स्वयंपाक एकट्याने उरकला. गावठाणातले पुरुष म्हणाले, बायका तिकडे गेल्या तिथेच मतं फुटली. फुटलीही असतील. मला त्याचं फार काही वाटलं नाही. मला भीती वाटत होती ती लालबागची. वन्संना निकाल भाच्याने सांगितला असणार, पण शब्द मी दिला होता. म्हातारीची एक इच्छा होती आणि ती माझ्या हातून गेली, हे तोंडाने सांगायला मलाच जायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात गेले. वन्सं दारात खुर्ची टाकून गॅलरीतल्या उन्हात बसल्या होत्या. मी पायाशी बसले आणि रडूच आलं मला. “वन्सं, आता तिथे काच बसणार. तुम्हाला तिथे द्यायचं होतं, ते आता नाही जमायचं. माफ करा मला.”

“अगं वेडी का काय तू?” त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. “मला कुठे तिथे जळायची हौस होती? मेल्यावर मला काय कळणार आहे? मला ती जागा बघायची होती. बाईला मेल्याशिवाय तिथे कोण नेतं? म्हणून म्हणत होते.”

मी डोळे पुसले. मग मला राग आला. त्यांचा नाही, आमचा सगळ्यांचा. दर उन्हाळ्यात ही बाई आमच्या घरी यायची, ती जागा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, आणि आम्ही सगळे मोठ्या प्रेमाने तिला मेल्यावर न्यायचं वचन देत होतो. एकदाही कुणाला वाटलं नाही की चला, दाखवून आणू. मलाही नाही.

“आता बघितली,” वन्सं म्हणाल्या. “आता मला इथेच द्या, जवळ पडेल तिथे. पोराला रजा मिळत नाही.” मग त्यांनी विचारलं, “ती काच बसली की तिथे बायकांना सोडतील का गं?”

“सोडतील,” मी म्हटलं.

“मग बरंय की,” वन्सं म्हणाल्या.